रुपया घसरला की गावाला जास्त पैसे येतात का?

मनीऑर्डरला वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन. मुंबईतल्या चाकरमान्याने गावाला शंभर रुपये धाडले की त्यावर पाच रुपये पोस्टाचे. पगार झाला की फॉर्म भरायचा, खाली संदेशासाठी सोडलेल्या इवल्याशा जागेत ‘इकडे सर्व खुशाल, पैसे पोचल्याचे कळवणे’ एवढं बसवायचं आणि पोस्टाच्या खिडकीशी उभं राहायचं. काही दिवसांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत पोस्टमन पडवीत टेकायचा, आईचा अंगठा घ्यायचा आणि नोटा मोजून द्यायचा. कोकणच्या अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणतात ते यावरूनच.

पोस्टाने ती जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली आणि तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने घेतली. गावं मात्र अजून बाहेरून येणाऱ्या पैशांवरच चालतात. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पैसे पाठवणारा माणूस आता लालबाग-परळला नसतो. तो दुबईत, शारजात, दोह्यात, जेद्द्यात किंवा कुवेतमध्ये असतो. त्यामुळे रुपया घसरल्याची बातमी टीव्हीवर आली की गावात लगेच कुणीतरी म्हणतं, ‘दुबईवाल्यांची चांदी झाली.’

खरंच चांदी होते का? पाठवायचा आकडा नेमका ठरतो कशावर? पगारावर, रेटवर, तेलाच्या भावावर, की घरून आलेल्या फोनवर? थोडा थोडा सगळ्यांवरच. पण माझ्या मते एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसवली की बाकीचं सोपं होतं. पाठवलेला पैसा म्हणजे उरलेला पैसा. पगार सगळे विचारतात, हाती उरतं किती ते कुणी विचारत नाही.

उरतं किती?

समजा, खेड तालुक्यातला एक मुलगा शारजात कामाला आहे. पगार १,५०० दिरहम, राहायला कंपनीची खोली. मेसचे ४०० दिरहम, फोन, साबण, बस, केस कापणं, शुक्रवारचा एखादा चहा-नाश्ता मिळून १५०. उरले ९५० दिरहम. हे आकडे मी हिशोबाला सोपे जावेत म्हणून घेतलेत. दिरहमला २२ रुपये मिळत असतील तर घरी २०,९०० रुपये जातात, २४ मिळत असतील तर २२,८००. रेट दोन रुपयांनी वाढला की महिन्याला १,९०० रुपये जास्त.

आता दुसऱ्या बाजूने बघा. मेसवाल्याने महिन्याला पन्नास दिरहम वाढवले आणि कंपनीने ओव्हरटाइम बंद केल्यामुळे आणखी शंभर दिरहम गेले, तर उरले ८००. त्याला २४ ने गुणलं तर १९,२००. रेट चांगला असूनही घरी आधीपेक्षा कमी पैसे गेले. रेटची बातमी होते. मेसच्या भाड्याची आणि ओव्हरटाइमची होत नाही, पण घरच्या चुलीला त्यांचाच चटका जास्त बसतो.

आणि हा हिशोब कर्ज नसलेल्या माणसाचा आहे. परदेशी कामाला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाने माणसामागे जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घ्यावं, असा भारत सरकारचा नियम आहे. गावात विचारून बघा, एवढ्यात गेलेला माणूस शोधावा लागतो. मधल्या दलालांची साखळी, ‘व्हिसाचे पैसे’, तिकीट, मेडिकल असं करत रक्कम कुठल्या कुठे जाते. ती उभी राहते बायकोच्या दागिन्यांवर, नाहीतर गावातल्याच कुणाकडून शेकड्याने काढलेल्या व्याजावर. अशा घरात पहिल्या वर्षाचे पैसे ‘घरी’ येतात ते नावालाच. खात्यात पडतात आणि त्याच दिवशी सावकाराकडे जातात. गावातल्या सोन्याच्या कर्जाचा व्याजदर शारजातल्या मुलाच्या पैशांचं पुढे काय होणार ते ठरवतो. याची मला फार चीड येते, कारण हा खर्च कायद्याने आधीच बांधलेला आहे. तो फक्त पाळला जात नाही.

रेटचं खरं गणित

आखाती देशांची चलनं डॉलरला खुंटीसारखी बांधलेली आहेत. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराला, सौदीचा रियाल १९८६ पासून ३.७५ ला. कुवेतचा दिनार तेवढा वेगळा, तो अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला. म्हणून दिरहम ‘वधारला’ असं आपण म्हणतो तेव्हा दिरहम जागचा हललेला नसतो. डॉलरपुढे रुपया घसरलेला असतो. २०१३ च्या मे महिन्यात डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टअखेर तो ६८ च्या वर गेला. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. दर वेळी आखातातल्या एक्स्चेंजच्या काउंटरवर रांग लागते, आणि ती रांग बघून आपण समजतो की पैसा वाढला.

रांगेत उभे असलेले सगळे एकाच कारणाने आलेले नसतात. काही जण गेला महिनाभर रेट चढायची वाट बघत थांबलेले असतात. पुढच्या महिन्यात जे पाठवणार होते ते त्यांनी आज पाठवलं, एवढंच. वर्षाची बेरीज तीच राहते. काहींचा हिशोब रुपयात ठरलेला असतो. घराच्या कर्जाचा हप्ता १५,००० आहे, तेवढे पोचले की झालं. रेट वाढला की त्याला दिरहम कमी मोजावे लागतात, उरलेले तो स्वतःकडे ठेवतो. तिसरा माणूस जे उरेल ते सगळं धाडतो. त्याच्या घरी मात्र खरोखर जास्त रुपये पोचतात.

या तिघांची एकत्र बेरीज काय येते, हे फिलिपिन्समध्ये चांगलं मोजलं गेलं आहे. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात तिथलं चलन पेसो कोसळलं. फिलिपिनो कामगार तेव्हा कितीतरी देशांत विखुरलेले होते आणि पेसोच्या तुलनेत प्रत्येक देशाचं चलन वेगवेगळं हललं. त्यामुळे एकाच्या हातात अचानक बरंच जास्त पडलं आणि शेजारच्या घरातल्या दुसऱ्याच्या हातात थोडंच. अर्थतज्ज्ञ डीन यांग यांनी या घरांचा अभ्यास केला. परकी चलन पेसोत १० टक्क्यांनी महाग झालं, तर घरी येणारे पेसो सरासरी ६ टक्क्यांनी वाढले, असं त्यांना दिसलं. म्हणजे दहातला सहाचा फायदा घरी पोचला, बाकीच्यासाठी कामगाराने परकी पैसे थोडे कमी पाठवले. ते जास्तीचे पैसे गेले कुठे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलं शाळेत टिकली, मुलांना कामाला लावणं कमी झालं, काही घरांनी छोटे धंदे काढले.

गावातल्या ‘चांदी’ला आणखी एक कात्री लागते. रुपया घसरला की आपण बाहेरून आणतो त्या वस्तू महागतात. भारत कच्चं तेल बाहेरून आणतो, खाद्यतेलाचाही मोठा हिस्सा बाहेरूनच येतो. डिझेल वाढलं की चिपळूणहून वाडीत येणाऱ्या टेम्पोचं भाडं वाढतं, त्याबरोबर सिमेंट वाढतं, तेलाचा डबा वाढतो. हे सगळं लगेच आणि पूर्ण प्रमाणात होत नाही, म्हणून आखातातल्या माणसाच्या घराला काही काळ फायदा राहतो. पण त्याच वाडीत ज्यांचं कुणीच बाहेर नाही, त्यांच्या वाट्याला नुसती महागाई येते.

एकाच तेलाचे दोन हिशोब

कच्च्या तेलाचा भाव हा त्याहून गमतीचा भाग आहे. देश म्हणून भारताला स्वस्त तेल हवं असतं. आपला आखातातला माणूस मात्र त्याच तेलावर पोट भरतो. तो तेलविहिरीवर नसेल, रस्त्याच्या कामावर असेल, मॉलमध्ये असेल, कुणाच्या घरी ड्रायव्हर असेल, पण त्या सरकारांच्या तिजोरीत तेलाचा पैसा आला तरच नवे रस्ते आणि नव्या इमारती निघतात. २०१४ च्या मध्याला पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्याही खाली आलं. आपल्याकडे तेव्हा आनंदीआनंद होता. तिकडे प्रकल्प थांबले, पगार महिनोन्‌महिने रखडले. जागतिक बँकेच्या आकड्यांप्रमाणे बाहेरच्या माणसांनी भारतात धाडलेला पैसा २०१४ मध्ये सुमारे ७० अब्ज डॉलर होता, तो २०१६ मध्ये ६३ अब्जांच्या आसपास उतरला.

घरी हे कसं कळतं? मंदी आली की माणूस लगेच परत येत नाही. आधी ओव्हरटाइम जातो, मग पगाराची तारीख पुढे पुढे सरकते, मग सुट्टीवर आलेल्याला ‘थांब, बोलावू’ असा निरोप येतो. सगळ्यात शेवटी नोकरी जाते. त्यामुळे तेल घसरल्यावर पैसे आटायला वेळ लागतो, आणि तेल चढल्यावर परत वाहायलाही.

पूर्ण आटणं काय असतं, तेही आपण पाहिलं आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथले सुमारे पावणेदोन लाख भारतीय अंगावरच्या कपड्यांनिशी परतले, बहुतेक जण जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी. येणारा पैसा थांबला, त्याच वेळी तेल महागलं, आणि १९९१ मध्ये देशाची परकी गंगाजळी रिकामी होत आली त्याला हेही एक कारण होतं.

त्याही आधी मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. कोकणात आणि घाटावर मनीऑर्डरी थांबल्याच, शिवाय उलटा प्रवाह सुरू झाला. गिरणगावातली कुटुंबं गावाकडच्या तांदळावर तगली, कितीतरी जण गावीच परतले. इतकी वर्षं गावाला पैसे धाडणाऱ्यांना गावाने सांभाळलं.

घरून आलेला फोन

हा उलटा प्रवाह नीट बघितला की आणखी एक गोष्ट उलगडते. परदेशी गुंतवणूकदार एखाद्या देशात पैसे लावतो तेव्हा तिथे बरं चाललंय का ते बघतो. बिनसलं की पैसे काढून घेतो. घरी पैसे पाठवणारा नेमकं उलट वागतो. घरी वाईट चाललं असेल तेव्हा तो जास्त पाठवतो. रॉबर्ट लुकास आणि ओडेड स्टार्क या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९८५ मध्ये आफ्रिकेतल्या बोत्सवानाचा अभ्यास मांडला, त्यात दुष्काळाच्या वेळी गुरंढोरं असलेल्या घरांना बाहेरून जास्त पैसे येताना दिसले. प्रेम तर होतंच, पण गुरं मेली तर उद्या वारशात मिळणारं आपलंही जाईल हा विचारही होता. घर आणि बाहेरचा माणूस यांच्यात न लिहिलेला विम्याचा करार असतो, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटतं. भावाला गावात ठेवून एकाने बाहेर जायचं, पाऊस बुडाला तर याने सांभाळायचं, त्याची नोकरी गेली तर गावचं शेत आहेच, हा करार आपल्या कितीतरी घरांनी असाच केलेला आहे.

कोकणात हा करार अलीकडे फार कडक कसोटीला लागला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. आणि हे सगळं करोनाच्या काळात, आखातातल्याच नोकऱ्या जात असताना. पोफळीची बाग नव्याने उभी राहायला वर्षं लागतात. तोपर्यंत घर कशावर चालायचं?

२०२० च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने अंदाज केला होता की भारतात येणारा पैसा २३ टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात तो ८३ अब्ज डॉलरच्या आसपास राहिला, म्हणजे जवळजवळ हललाच नाही. त्यामागे काही कारणं हिशोबी होती. विमानं बंद झाल्यामुळे ओळखीच्या माणसाबरोबर पाकिटात पैसे धाडणं बंद झालं, हवाला, म्हणजे बँक टाळून दलालांमार्फत पैसे पोचवणं, तेही मंदावलं, आणि तोच पैसा बँकेतून, म्हणजे मोजदादीतून आला. परतणाऱ्यांनी फायनल सेटलमेंटचे, म्हणजे नोकरी सुटताना कंपनीने चुकते केलेले, आणि साठवलेले पैसे एकदम आणले. ही वाढ नव्हती, तो शेवटचा झरा होता. पण स्वतःचा खर्च कापून, उसने घेऊन घरी पाठवणारेही खूप होते. एका खोलीत आठ-दहा जण, काम नाही, आणि तरी महिन्याला काहीतरी घरी. ‘भारताचा आकडा टिकला’ असं वाचलं की मला आधी त्या खोल्या आठवतात.

वाटेत किती सांडतं?

शारजाच्या मुलाकडे परत येऊ. ९५० दिरहम उरले, बाजारातला दर २४. म्हणजे २२,८०० रुपये. एक्स्चेंज मात्र त्याला २३.७० देतं आणि वर २० दिरहम फी घेतं. ९३० ला २३.७० ने गुणलं की घरी पोचले २२,०४१. मध्ये ७५९ रुपये, म्हणजे सव्वातीन टक्के, सांडले. यातली फी पावतीवर दिसते, रेटमधला फरक दिसत नाही. ‘झिरो फी’ लिहिलेलं दिसलं की रेट बघायचा तो याचसाठी. आणि हेच पैसे त्याने दोनदा पाठवले असते, तर फी दोनदा लागून सव्वापाच टक्क्यांच्या वर गेले असते. थोड्या पगाराचा माणूस थोडे थोडे पाठवतो, म्हणून शेकडेवारीत त्यालाच सगळ्यात महाग पडतं.

२०० डॉलर पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. जगाची सरासरी अजून ६ टक्क्यांच्या आसपास आहे. हवाला टिकून आहे तो या फरकावर. रेट थोडा बरा, कागद नाही, सुट्टीच्या दिवशीही काम होतं. पण तो बेकायदा आहे. पैसे बुडाले तर तक्रार करायला जागा नाही, आणि उद्या घराचं कर्ज काढताना ‘मी इतकी वर्षं पैसे पाठवतोय’ हे दाखवायला पुरावाही नाही. फोनवरून थेट खात्यात पाठवण्याचे मार्ग हळूहळू उघडतायत. सिंगापूरच्या पेनाऊशी, म्हणजे तिथल्या फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीशी, आपलं यूपीआय फेब्रुवारी २०२३ मध्ये जोडलं गेलं. उलट दिशेने अमेरिकेने १ जानेवारी २०२६ पासून रोखीने बाहेर पाठवलेल्या पैशांवर १ टक्का कर बसवला. बँक खात्यातून पाठवणाऱ्याला तो लागत नाही, खातं नसलेल्याला लागतो.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर मोठा आकडाही सांगतो. २०२४-२५ मध्ये भारतात सुमारे १३५ अब्ज डॉलर आले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात त्यातला अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के आणि अमिरातीचा १९.२ टक्के निघाला. घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांनी पहिला, केरळ १९.७ टक्क्यांनी दुसरा. पण या साडेवीस टक्क्यांत पुण्यातल्या फ्लॅटसाठी कॅलिफोर्नियाहून आलेले पैसे आहेत आणि मंडणगडच्या दवाखान्याच्या बिलासाठी मस्कतहून आलेलेही. पहिले पैसे इथले व्याजदर आणि जमिनीचे भाव बघून येतात, दुसरे बघतात फक्त बिल. राज्य पहिलं आलं याचा आनंद मानताना हे दोन प्रवाह वेगळे मोजायला हवेत.

आणि कुटुंब कुठे राहतं यावर तर सगळंच फिरतं. बायको-मुलं तिकडेच असली की घरी येणारे पैसे आईवडिलांपुरते उरतात. सौदीने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबितामागे महिना १०० रियाल शुल्क लावलं आणि दर वर्षी वाढवत २०२० मध्ये ४०० वर नेलं. दोन मुलं आणि बायको म्हणजे महिना १,२०० रियाल. कितीतरी जणांनी कुटुंब गावी आणून सोडलं. अशा घरात येणारे पैसे वाढले, कारण आता इथेही चूल पेटवायची होती. आकडा वाढला आणि घर तुटलं, दोन्ही एकाच महिन्यात.

रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि आधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या घटली होती. मुंबई म्हणा, दुबई म्हणा, माणसं जिथे गेली त्याची ही नोंद. पूर्वी मनीऑर्डर बहुधा सासऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर यायची. आता बऱ्याच घरांत खातं सुनेच्या नावावर असतं आणि मेसेज तिच्या फोनवर वाजतो. लावणीची मजुरी, मुलाची फी, सोसायटीचा हप्ता, सासऱ्यांची गोळी, यातलं आधी काय आणि थांबवायचं काय हे ती ठरवते. तिला डॉलरचा दर विचारलात तर कदाचित नाही सांगता येणार. पण या महिन्यात ओव्हरटाइम लागला की नाही, हे ती फोनवर पहिल्या दोन मिनिटांत विचारून घेते.